कावळा बसला म्हणूनच फांदी तुटली काय?

शिवडीचे नाव निघताच मुंबईतील पुष्कळ कुटुंबांत आवाज खाली येतो. तेथे जुना किल्ला आहे, बंदर आहे, कापसाच्या वखारी होत्या, आणि खाडीच्या चिखलात सहस्रावधी रोहित पक्षी उतरतात. परंतु परळ-लालबागच्या चाळींत "अमक्यास शिवडीस नेले" एवढे शब्द कानी पडले की ऐकणाऱ्याच्या मनात यांपैकी काहीच येत नाही. त्याच्या मनात महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय येते, आणि तो मान हलवून म्हणतो, "तेथे गेलेला परत येत नाही." हे वाक्य अडाण्याचेच असते तर त्यावर आम्ही शाई खर्च केली नसती. परंतु ते पदवीधरांच्या तोंडी आहे, आणि व्यवहारात पै-पैचा हिशेब तपासल्यावाचून हुंडी न स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्यांच्याही तोंडी आहे. रोगी घरात लपविला जातो, खोकल्यास 'सर्दी' म्हटले जाते, औषधास विलंब होतो, तो या वाक्याच्या जोरावर. यास्तव आज त्याच वाक्याची चिकित्सा करावी, आणि ओघाने त्याच जातीचे जे इतर दोष आपल्या रोजच्या वादांत निर्वेधपणे फिरतात, त्यांचीही विचारपूस करावी, असे आम्ही योजिले आहे.

त्या रुग्णालयात मृत्यू अधिक होतात, हे घटकाभर गृहीत धरू. त्यावरून रुग्णालय घातक ठरते काय? तेथे कोणास नेतात, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. क्षयाचे बहुतेक रोगी आज आपापल्या घरी राहून, जवळच्या दवाखान्यातून गोळ्या नेऊन बरे होतात; त्यांना शिवडीचे दर्शनही घडत नाही. ज्यांचा रोग फार बळावला आहे, नेहमीच्या औषधांस जो जुमानत नाही, किंवा ज्यांस घरात कोणी ठेवून घेत नाही, अशांची भरती तेथे होते. म्हणजे मरणाच्या दारी पोचलेले वेचून एके ठिकाणी आणावयाचे, आणि मग त्या ठिकाणासच मरणाचे कारण म्हणावयाचे, असा हा न्याय झाला. जेथे जेथे आग लागते तेथे तेथे बंब दिसतो. म्हणून आग बंबामुळे लागते, असे अनुमान कोणी काढले तर आपण त्यास हसू. शिवडीविषयी तेच अनुमान काढणाऱ्यास मात्र आपण अनुभवी गृहस्थ समजतो!

अनुमानातील अशा खोडीस आपल्याकडे नाव नाही असे नव्हे. नैयायिकांनी तिला 'हेत्वाभास' म्हटले, म्हणजे हेतूसारखा दिसणारा परंतु हेतू नसणारा. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा सतराव्या शतकातील लहानसा ग्रंथ संस्कृत पाठशाळांतून मुलांस आरंभीच शिकवितात. त्यात या आभासांचे सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध व बाधित असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्याहून जुन्या न्यायसूत्रांत सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा तो वाद, जिंकण्यासाठी केलेली तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडून काढावयाचे ती वितंडा, असा भेदही केला आहे. वितंडा हा शब्द आज मराठीत सर्वांस ठाऊक आहे, वाद आणि जल्प यांतील अंतर मात्र आपण विसरलो; यावरून आपल्या सभांची स्थिती काय आहे हे वाचकांनीच ताडावे. या शास्त्राचा अभिमान सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ते शास्त्र घरच्या गोष्टीस लावून पाहणारे फार थोडे.

आम्ही लावून पाहतो. पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान सदोष. कारण लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लाल लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हे सव्यभिचाराचे पाठशाळेतील उदाहरण होय. आता क्षयाच्या रोग्याकडे या. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे असतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने त्यांहून कमी. बहुधा दुसऱ्या महिन्याच्या सुमारास खोकला ओसरतो, भूक लागते, वजन वाढते, आणि रोगी कामावर जाऊ लागतो. मग तो म्हणतो, "खोकला गेला, अर्थी रोग गेला, आता गोळ्या कशास?" धूर नाही, सबब अग्नी नाही! लोखंडाचा गोळा आतून लाल आहे हे त्यास दिसत नाही. फुप्फुसात जे थोडे जंतू उरलेले असतात ते सर्वांत चिवट असतात. औषध सोडताच ते पुन्हा वाढतात, आणि औषधे अर्धवट किंवा चुकत-माकत घेतली गेली तर त्यांना न जुमानणारे जंतूच शिल्लक राहून फोफावतात. आयसोनायझिड व रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांस दाद न देणारा क्षय मुंबईत आज अनोळखी राहिलेला नाही, आणि तो घरातील दुसऱ्यास लागला तर त्यासही तसाच लागतो. एका सदोष अनुमानाची किंमत अशी शेजारच्या खोलीतील मुलाने द्यावी लागते.

याच्या उलट तक्रारही ऐकू येते: "गोळ्या सुरू केल्यापासून मळमळते, डोळे पिवळे दिसतात, म्हणजे गोळ्याच बाधल्या." येथे मात्र वाचकांनी घाईने 'हेत्वाभास' असे ओरडू नये. ही औषधे काही रोग्यांच्या यकृतास खरोखर बाधतात, आणि डोळे पिवळे होणे हे डॉक्टरकडे त्याच दिवशी धावण्याचे कारण आहे. एकामागून दुसरी गोष्ट घडली एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरे. पण म्हणून ती कारण नसतेच, असेही ठरत नाही. तपासावे लागते. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली," असे आपली म्हण सांगते. फांदी कुजली होती की नव्हती, हे झाडावर चढून पाहिल्यावाचून कळत नाही.

असे झाडावर चढून पाहण्याचे एक उदाहरण शिवडीच्या शेजारीच घडलेले आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. तिलाच १९२५ पासून त्यांचे नाव आहे. या प्रयोगशाळेतून गेलेली लस १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ माणसांस टोचली गेली, आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. लस टोचली, माणसे मेली, लस परळची. सबब परळची प्रयोगशाळा अपराधी! सरकारी चौकशीनेही प्रथम तिच्याकडेच बोट दाखविले, आणि हाफकिन यांस आपल्या पदास मुकावे लागले. परंतु दगावलेल्या एकोणिसांसही एकाच बाटलीतील लस टोचली होती. त्याच दिवशी, त्याच गावी इतर बाटल्यांतील लस ज्यांस टोचली त्यांस धनुर्वात झाला नाही. दोष प्रयोगशाळेच्या पद्धतीत असता तर तो एका बाटलीपुरता कसा राहिला असता? बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्टही पुढे आली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरला, आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. मधली पाच वर्षे प्लेग या देशातून लाखो माणसे नेत होता, आणि लसीवरील अविश्वास घरोघर पसरत होता. अपराध्यास शोधण्यासाठी जे मेले त्यांच्याकडेच पाहून भागत नाही, जे मेले नाहीत त्यांच्याकडेही पाहावे लागते, एवढी साधी गोष्ट ध्यानी यावयास एवढा काळ गेला.

आमच्या समाजाने स्त्रीशिक्षणाविषयी चालविलेला वादही याच मासल्याचा होता. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत एम. डी. झाल्या, त्याच वर्षाअखेर स्वदेशी परतल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते. बाईमाणूस शिकले, समुद्र ओलांडला, अल्पायुषी झाले, असे सूत्र बसविण्यास ही घटना किती सोयीची! परंतु ज्या रोगाने त्या गेल्या त्याच रोगाने त्या काळी चूल सोडून कधी बाहेर न गेलेल्या किती बायका गेल्या असतील, हा विचार सूत्र बसविणाऱ्याच्या मनास शिवत नाही. आणि त्याच मुंबईतील रखमाबाई, ज्यांनी बालपणी लादलेला विवाह मान्य करण्याचे नाकारून न्यायालयात झगडा दिला, त्या समुद्र ओलांडून विलायतेस गेल्या, १८९४ साली वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे रोग्यांची सेवा करून १९५५ साली, नव्वद वर्षांचे आयुष्य भोगून वारल्या. आम्ही असे म्हणत नाही की समुद्र ओलांडल्याने त्यांस दीर्घायुष्य मिळाले. तसे म्हटले तर आम्हीही कावळ्याच्याच पंक्तीस बसू.

म्हणींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की आमच्या म्हणी या बाबतीत दुधारी आहेत. "शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण घ्या. तिच्या आधारे आपण एका गुजराथी दलालावरून सर्व गुजराथ्यांची, एका कोकणी भाडेकरूवरून सर्व कोकणाची, आणि नव्वद वर्षे विडी ओढून धट्टाकट्टा राहिलेल्या एका आजोबांवरून विडीची परीक्षा करून मोकळे होतो. म्हण खोटी नाही. परंतु ज्या गृहिणीने ती प्रथम उच्चारली तिच्या भांड्यातील तांदूळ एकाच पोत्यातला होता, पाणी एकच, चूल एकच, आणि शीत काढण्यापूर्वी तिने डाव फिरविला होता. ज्या आजोबांची कथा आपण सांगतो त्यांच्याबरोबर विडी ओढणारे, परंतु पन्नाशीत गेलेले त्यांचे सोबती आज साक्ष देण्यास उरलेले नाहीत. भांड्यात जे वर तरंगले तेच शीत आपण चिमटीत धरतो.

डाव फिरवून परीक्षा कशी करावी हे पाहावयाचे असेल तर १९५६ साली मद्रास येथे सुरू झालेला प्रयोग पाहावा. क्षयाच्या रोग्यास आरोग्यधामातच ठेवावे, चांगले अन्न व विश्रांती द्यावी, गरिबाच्या कोंदट घरात तो बरा होणे नाही, आणि घरी ठेवल्यास तो इतरांस बुडवील, असे तोपर्यंत थोरथोर वैद्यही म्हणत. मद्रासच्या केंद्राने गरीब वस्तीतील रोगी घेऊन, त्यांतील कोणी घरी राहावे व कोणी आरोग्यधामात, हे केवळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. औषधे दोघांस तीच. वर्षाअखेर दोन्हींकडील गुण जवळजवळ सारखा आढळला. घरच्या रोग्यांस अन्न निकृष्ट होते, जागा अपुरी होती, तरीही! आणि त्यांच्या कुटुंबीयांत रोग अधिक पसरला असेही दिसले नाही. कारण बहुतेक संसर्ग निदान होण्यापूर्वीच घडून गेलेला असतो, आणि औषध सुरू होताच रोग्याची संसर्गशक्ती झपाट्याने घटते. ज्या अनुमानापायी असंख्य रोगी घरादारापासून तोडले गेले, ते अनुमान तोपर्यंत कोणी पारखूनच पाहिले नव्हते.

व्यापारी वाचकांस वाटेल की हे सारे डॉक्टरांचे खटले. आमच्या धंद्यात असे चालत नाही. त्यांनी शिवडीच्याच कापूस बाजाराचा इतिहास आठवावा. कापसाचा व्यापार कुलाब्याहून शिवडीकडे, आज ज्यास कॉटन ग्रीन म्हणतात तेथे, आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांचे आकडे तारेने मुंबईस येत, आणि त्या आकड्यांवर हजारो माणसे पैजा लावीत. १९६१ साली ते आकडे येणे बंद झाले, तेव्हा धंदेवाल्यांनी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढण्याची युक्ती शोधली, आणि 'मटका' जन्मास आला. गिरणी कामगाराचा पगार ज्या तर्कापायी त्या मडक्यात गेला तो असा: "सत्ता आठवडाभर आला नाही, सबब आज येणारच." जणू मडक्यास स्मृती आहे, आणि कोणाची पाळी चुकली याचा त्यास संकोच वाटतो! चिठ्ठ्या रोज नव्याने टाकल्या जातात. काल काय निघाले हे मडक्यास ठाऊक नसते. भावाची गोष्ट थोडी निराळी, हे मान्य. पाऊस, पीक, आयात यांचा भावावर परिणाम होतो, आणि त्यांचा अभ्यास करून खरेदी करणारा व्यापारी जुगारी नव्हे. परंतु "चार दिवस पडला, म्हणून आता चढेलच" एवढ्याच आधारावर माल भरणारा आणि सत्त्यावर आठवड्याची मजुरी लावणारा, यांत पेढी आणि फुटपाथ यांच्याइतकेच अंतर आहे.

आणखी एक दोष असा आहे की ज्यापुढे आमच्या मते बाकीचे सर्व सौम्य ठरतात, आणि तो म्हणजे युक्तिवादास सोडून वक्त्यास धरणे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्यांवर आलेल्या उत्तरांतील एक मोठा भाग असा, की हा मनुष्य पारशी, यास हिंदूंच्या घरात डोकावण्याचा अधिकार काय? बरे, हिंदूने डोकावले तर? गोपाळ गणेश आगरकर जन्माने ब्राह्मण होते. त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढून तेच विषय मांडले, तेव्हा पुण्यातील लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. परका बोलला तर तो परका म्हणून खोटा, आपला बोलला तर तो घरभेद्या म्हणून खोटा. दहा वर्षांच्या मुलीस पत्नीधर्म लादणे योग्य की अयोग्य, या प्रश्नास दोन्ही प्रसंगी उत्तर मिळाले नाही. आजही डॉक्टर स्वतः सिगारेट ओढतो म्हणून सिगारेटविषयीचा त्याचा सल्ला हसण्यावारी नेणारे पुष्कळ आढळतात. डॉक्टर दांभिक असेल. धूर त्यामुळे निरुपद्रवी होत नाही.

चक्रक युक्तिवादाची ओळख तर प्रत्येक घरात आहे. रूढी पाळावी, कारण वडिलांनी पाळली. वडिलांचे बरोबर कशावरून, तर ते रूढीप्रमाणे वागत. या चक्रात बाहेरचा वारा शिरण्यास जागाच नसते. शब्दच्छलही असाच सर्वत्र आहे. देवदत्त 'नवकंबल' आहे, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे, असे कोणी म्हणताच दुसरा म्हणतो, "नऊ कोठे? एकच तर दिसते." हे न्यायशास्त्रातील जुने उदाहरण वाचून विद्यार्थी हसतात, आणि घरी जाऊन 'नैसर्गिक' असे छापलेली औषधाची बाटली विकत घेतात. नैसर्गिक म्हणजे निसर्गात उगवलेले, हा एक अर्थ. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा दुसरा. पहिल्या अर्थाने पैसे घेतले जातात, दुसऱ्या अर्थाने दिले जातात. धोत्राही निसर्गातच उगवतो.

रोहित पक्ष्यांविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे, कारण शिवडीहून न्हावा-शेव्यास जाणारा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, तोपर्यंत व त्यानंतरही त्यांच्यावरून पुष्कळ वाद झडला. "बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर" या थाटात लोकांस विचारण्यात आले: पूल हवा की पक्षी? बाप काशीस गेलेला असू शकतो, ही तिसरी शक्यता म्हणीत नाही. पूल बांधावयाचा कोठून, कोणत्या ऋतूत, आवाज व उजेड किती राखून, असे शंभर प्रश्न त्या दोन टोकांच्या मधे होते. आणि "पक्षी एवढे येतात, म्हणजे खाडी स्वच्छ आहे" असे समाधान मानणाऱ्यांस सांगावयाचे, की शहराच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर जे शेवाळ माजते त्यावरही या पक्ष्यांचा चरितार्थ चालतो. पाहुण्यांची गर्दी हा घराच्या स्वच्छतेचा दाखला नव्हे.

एवढे वाचून कोणी उत्साही तरुण घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रत्येक वाक्यात हेत्वाभास काढू लागेल, अशी भीती आम्हांस वाटते. त्याने एक लक्षात ठेवावे. कारण चुकीचे दिले म्हणून सिद्धांत चुकीचा ठरत नाही. जुनी माणसे म्हणत, कोंदट हवेतील दुर्गंधीने क्षय होतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू दाखवून दिला, आणि दुर्गंधीचे कारण निकालात निघाले. खिडकी मात्र उघडीच ठेवावयाची आहे; कारण खेळत्या हवेत खोकल्यातून उडालेले जंतू विरळ होतात. आजीचा हेतू असिद्ध, आजीचा उपदेश योग्य.

जेथे हेतू असिद्ध आणि उपदेश घातक, असे एक स्थळ आता उरले, आणि आम्ही मुद्दामच ते शेवटी ठेविले आहे. लग्न होऊन सहा महिने झाले, नवऱ्यास खोकला जडला, थुंकीत जंतू निघाले, लगेच सासू म्हणते, "हिचा पायगुण." कालांतराने सुनेस खोकला जडला, तर तीच सासू म्हणते, "आजार लपवून गळ्यात बांधली," आणि तिची पाठवणी माहेरी होते. दोन्ही प्रसंगी अपराधी एकच. पुरावा बदलला तरी निकाल बदलत नाही! क्षयाचा जंतू शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होण्यास कित्येक महिने, कधी कधी कित्येक वर्षे लागतात. शिरकाव झालेल्या बहुतेकांस तर जन्मभर रोग होतही नाही. मग सहा महिन्यांपूर्वीच्या मापाने उंबऱ्यावर पडलेल्या पावलाने काय केले, हे कोणी कसे ठरविले? सून आजारी पडण्यापूर्वी त्या खोलीत कोण खोकत होते, हे का विचारले गेले नाही? चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे निजतात. त्यांतील एकाच्या थुंकीत जंतू निघाले तर तपासणी सहांचीही व्हावयास हवी. दोन आठवड्यांवर खोकला टिकला, रोज सायंकाळी बारीक ताप आला, वजन उतरले, तर महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. औषधे विनामूल्य मिळतात. आणि २०१८ च्या एप्रिलपासून पोषणासाठी दरमहा जे ५०० रुपये रोग्याच्या खात्यात जमा होत, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० करण्यात आले आहेत. हे पैसे सुनेच्या खात्यात जमा होतात, आणि ती माहेरी असली तरी तेथील दवाखान्यात नाव बदलून घेऊन औषधे चालू ठेवता येतात. सासरच्यांनी तिच्या ट्रंकेबरोबर तिची औषधाची कागदपत्रेही द्यावीत.